गाडी नंतर, आधी मिस्त्री

शिक्षकानं कोणती गाडी घ्यावी, याचा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. गाडी पांढरी असावी, अ‍ॅव्हरेज वीसच्या पुढे असावं, स्पेअर पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळावेत आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर पैसे निघावेत. या नियमात वाईट काही नाही. पगारदार माणसाचा हिशेब असाच असतो. पण या चार अटींमध्ये गाडी चालवताना कसं वाटतं, हा प्रश्न कुठेच येत नाही. ज्याला तो पडतो, त्याला स्टाफरूममध्ये थोडं वेड्यात काढलं जातं. असा माणूस दहा-पंधरा वर्षं जुनी स्कोडा किंवा फियाट घ्यायचं बोलू लागला, की मग सगळ्यांची खात्रीच पटते.

मी त्या वेड्यांपैकी एक आहे. गेली काही वर्षं जुनी युरोपियन गाडी चालवतो आणि उर्दू-मराठी शिकवून मिळणाऱ्या पगारात ती सांभाळतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला चालवण्याची आवड आहे आणि ज्याला व्याजाच्या कर्जात पडायचं नाही, त्याच्यासाठी जुनी युरोपियन गाडी हा शहाणा पर्याय असू शकतो. मात्र निवडीचा क्रम उलटा करावा लागतो. आधी मिस्त्री, मग पैशांचा हिशेब, मग इंजिन आणि गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी बोनेटवरचं चिन्ह. बहुतेक लोक चिन्हापासून सुरुवात करतात आणि रडत रडत मिस्त्रीपाशी पोहोचतात.

विलायती म्हणजे कुठली?

‘विलायती गाडी आहे, पार्ट बाहेरून येतात,’ हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असतं. पण जरा नकाशा बघा. स्कोडानं २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. पुढे लॉरा आणि सुपर्बही तिथूनच बाहेर पडल्या. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये उघडला आणि २०२२ पर्यंत पोलो तिथे बनली. फियाटच्या पुंटो आणि लिनिया पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावच्या. म्हणजे ज्या गाड्यांना आपण परक्या म्हणतो, त्यांचे नट-बोल्ट मराठवाड्यातल्या आणि शिरूर-खेड तालुक्यातल्या पोरांनी आवळलेले आहेत.

त्याही आधी कुर्ला होतंच. तिथल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून कायमची गेली. आपल्या वडिलांच्या पिढीला फियाट इटलीची आहे हे आठवतसुद्धा नसे. गल्लीतला मिस्त्री ती डोळे मिटून खोलायचा आणि जोडायचा, म्हणून ती आपली होती. गाडी आपली की परकी, हे ती कुठे जन्मली यावर ठरत नाही, ती कोण दुरुस्त करू शकतो यावर ठरतं. या लेखाचा सगळा मुद्दा खरं तर या एका वाक्यात आला.

चालवण्यातला फरक

ज्यांना हा फरक जाणवत नाही त्यांना तो पटवून देण्याची गरज नाही, त्यांनी सुखानं आपली गाडी चालवावी. पण तो खोटा नाही. खुलताबादहून म्हैसमाळला चढताना वळणांची जी रांग लागते, तिथे हलक्या, शहरासाठी बनवलेल्या गाडीत आपण स्टिअरिंग फिरवतो आणि मग गाडी काय करते याची वाट बघतो. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियात किंवा लिनियात हात फिरला की पुढची चाकं काय करताहेत, डांबर गुळगुळीत आहे की खडी सांडली आहे, हे तळहातालाच कळतं. याला कारण आहे. या गाड्यांचं पॉवर स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालणारं, म्हणजे हायड्रॉलिक आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तिथे विजेची मोटर आली. तिनं इंधन वाचलं, पार्किंग सोपं झालं, पण रस्त्याची बरीचशी खबर वाटेतच अडली.

दुसरी गोष्ट सस्पेन्शनची. युरोपात गाडी तासन्‌तास वेगात चालते, म्हणून तिथले अभियंते जड पत्रा आणि थोडे कडक शॉकअप पसंत करतात. लॉराच्या मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र मल्टी-लिंक सस्पेन्शन आहे. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याचा धक्का बसत नाही आणि भर वळणात मागची बाजू उडत नाही. लांबच्या प्रवासानंतर पाठ कमी दुखते. हा काही श्रीमंतीचा चोचला नव्हे, चाळिशीतल्या माणसाला हे फार लवकर कळतं.

आवड म्हणजे वेग, असा मात्र कुणी अर्थ घेऊ नये. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि जुन्या गाडीनं तिच्या पुष्कळ आत राहावं. चालवण्याची आवड असलेला माणूस साठच्या वेगातही खूश असतो. वळण नीट घेतलं, गिअर बरोबर वेळेला पडला, एवढ्यानं त्याचं समाधान होतं.

हप्ता की राखीव गल्ला?

आता पैशांकडे येऊ, कारण इथेच आपल्या वाचकांपैकी अनेकांची खरी अडचण आहे.

समजा, नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज काढलं, ९ टक्के दरानं, ५ वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता १६,६०० च्या आसपास बसतो. पाच वर्षांत बँकेला जवळजवळ १० लाख जातात, म्हणजे व्याजच २ लाखांच्या घरात. आपल्यातल्या अनेकांना सूद देणं-घेणं दीनच्या दृष्टीनं जड जातं. घराच्या बाबतीत निदान ‘गरज’ म्हणून मनाची समजूत काढता येते. गाडीच्या बाबतीत ती काढणं अवघड आहे. ज्यांना धर्माचा प्रश्न महत्त्वाचा वाटत नाही, त्यांनीही हे २ लाख आपण नक्की कशासाठी देतो आहोत, हे स्वतःला विचारून पाहावं. बऱ्याचदा उत्तर येतं, शेजाऱ्याच्या नजरेसाठी.

जुनी गाडी रोखीनं घेता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. पण इथेच लोक घसरतात. हातात ५ लाख असले की ते ५ लाखांची गाडी शोधतात. युरोपियन गाडीच्या बाबतीत हे चालत नाही. ५ लाख असतील तर गाडी ३ लाखांची बघा आणि २ लाख वेगळे ठेवा. घेतल्या घेतल्या टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळी तेलं, कूलंट, ब्रेक, टायर, बॅटरी आणि सस्पेन्शनचे रबरी बुश एवढं करावंच लागतं. आधीच्या मालकानं केलंय म्हणून सांगितलं तरी पावती नसेल तर केलेलं नाही असं धरून चालायचं. उरलेले पैसे पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी. आणि दरमहा हप्ता भरला असता त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ४,००० रुपये, गाडीच्या नावानं बाजूला पडत राहावेत. ज्याला हे जमत नाही त्यानं हा नाद करू नये.

उतरलेली किंमत, न उतरलेला खर्च

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक सापळा कायम लावलेला असतो. कधीकाळी ३५-४० लाखांना विकलेली जर्मन गाडी तिथे नव्या छोट्या गाडीच्या भावात उभी असते. काळी, चकचकीत, लेदरच्या सीट. माणूस विचार करतो, एवढ्या पैशात बीएमडब्ल्यू! पण गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ब्रेक डिस्क, एअर सस्पेन्शन, हेडलाइट, सेन्सर यांचे दर आजही ४० लाखांच्या गाडीचेच असतात.

बीएमडब्ल्यूची ई-९० मालिकेतली ३ सीरिज चालवायला अप्रतिम आहे, यात शंका नाही. मागच्या चाकांना ताकद, हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलेलं वजन. पण तिच्या ३२०डी मधल्या एन-४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल झाली तर इंजिन किंवा गिअरबॉक्स बाहेर काढल्याशिवाय हातच पोहोचत नाही, आणि तुटली तर इंजिन गेलंच. कूलिंगचे अनेक भाग प्लास्टिकचे असतात. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ते ठिसूळ होतात. ज्याच्याकडे गाडीच्या किमतीएवढीच रक्कम तयार आहे त्यानं खुशाल घ्यावी. शिक्षकाच्या पगाराला मात्र मधला दर्जाच बरा.

मग कुठली?

पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया अजूनही विचारात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे ती २००१ पासून २०१० पर्यंत विकली गेली. तिचं १.९ टीडीआय डिझेल इंजिन ९० अश्वशक्तीचं, गडगडाटी आणि दीर्घायुषी. इलेक्ट्रॉनिक्स कमी, दुरुस्तीला सोपी. डिकी मागच्या काचेसकट वर उघडते, त्यामुळे लग्नाच्या हंगामात अख्ख्या खानदानाचं सामान मावतं. १.८ टर्बो पेट्रोल आरएस १५० अश्वशक्तीची. ती शौकिनांची लाडकी, पण मुळातच कमी विकली गेलेली आणि बहुतेक कुणी ना कुणी ‘सुधारलेली’. छेडछाड न केलेली मिळाली तरच घ्यावी.

लॉरा २००५ ते २०१३. हीच चालवायला सगळ्यात समतोल, असं माझं मत. १.८ टीएसआय पेट्रोल, हाताच्या गिअरची, १६० अश्वशक्ती. मात्र या इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत टायमिंग चेनचा टेन्शनर आणि तेल पिणं या दोन तक्रारी जगभर प्रसिद्ध आहेत. थंड इंजिन सुरू करताच दोन-तीन सेकंद खुळखुळाट झाला तर मागे फिरा. डिझेलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील तपासा. गाडी उभी असताना खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते, असं असेल तर मोठा खर्च समोर आहे.

फियाट लिनियाची टी-जेट आवृत्ती २०१० मध्ये आली. १.४ टर्बो पेट्रोल, ११४ अश्वशक्ती, स्टिअरिंग हायड्रॉलिक. खराब रस्त्यावर हिच्याइतकी शांत चालणारी गाडी या भावात दुसरी सापडणं कठीण. १.३ मल्टिजेट डिझेल घेतली तर इंजिनाची चिंता जवळपास मिटते, कारण तेच इंजिन मारुतीनं स्विफ्टमध्ये आणि टाटानं इंडिका व्हिस्टामध्ये वापरलं. ते ओळखणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो. अडचण आहे ती बॉडीच्या भागांची. २०१९ मध्ये फियाटच्या गाड्या भारतात बंद झाल्या. तेव्हा बंपर, हेडलाइट, काचा, आरसे शाबूत असलेलीच गाडी घ्या.

पोलोत हाताचा गिअर बघा. २०१३ ची जीटी टीएसआय फार चपळ आहे, पण तिच्यात सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. शहरातल्या थांब-चाल गर्दीत तो तापतो आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, बिघडल्याच्या तक्रारी अनेक देशांत आल्या. २०१३ मध्ये कंपनीला जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावून त्यातलं तेल बदलावं लागलं होतं. लॉरा डिझेलमधला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी त्या मानानं दणकट, पण त्याचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवं. पावती मागा. नसेल तर हाताच्या गिअरची गाडी शोधा. ज्याला चालवण्याची आवड आहे त्याला क्लच दाबण्याचा कंटाळा येऊ नये.

ढिगात हात घाला

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना आतली ओल लागली. पावसानं भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, असा त्यांचा सवाल होता. ही हदीस आपण मदरशात, शाळेत, जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र विकणारा आणि घेणारा दोघंही ती विसरतात.

विकणाऱ्याचं सोडा, घेणाऱ्यानं तरी ढिगात हात घालावा. गाडी बघायला जाण्याआधी सांगून ठेवा, इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला, तर तेलात पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. कूलंटच्या डब्यात साधं पाणी दिसलं तर समजा, मालकानं गाडीवर खर्च करणं केव्हाच सोडलं. मीटरवर ६०,००० किलोमीटर आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चकाकणारं, ड्रायव्हर सीटची कड फाटलेली, असं असेल तर मीटर मागे फिरवलेलं आहे.

स्कॅनर लावल्याशिवाय या गाड्या घेऊच नयेत. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग यांचे बिघाड त्यात नोंदलेले असतात. काही विक्रेते आदल्या दिवशी नोंदी पुसून ठेवतात. म्हणून स्कॅन करा, वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि पुन्हा स्कॅन करा. काही गाड्यांत किलोमीटर मीटरखेरीज दुसऱ्या युनिटमध्येही नोंदलेले असतात, जाणकार मिस्त्री ते वाचतो. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतकं जुनं रबर समृद्धीच्या सिमेंटवर नेणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता पेट्रोलही बदललं आहे. पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या बनल्या तेव्हा असं इंधन कुणाच्या हिशेबात नव्हतं. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील जुने असतील तर ते आधी बदलून घ्यावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

कागद म्हणजे गाडीची निम्मी किंमत

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून एकदम ५,००० रुपयांवर गेली. तेव्हा चौदाव्या वर्षातली गाडी स्वस्त का मिळते आहे, हे उघड आहे.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल विशेष सावध राहा. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या पडेल भावात इकडे येऊ लागल्या. त्यात चांगल्याही असतात. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं जोडलं की स्वस्ताई बरीच आटते.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम संपलं असं मानू नका. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ हवा. नावावर करून घेण्याचा अर्ज आणि विम्याचं हस्तांतर, दोन्ही १४ दिवसांत करा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. भावकीतल्या, ओळखीतल्या माणसाकडून घेतली तरी हे सगळं करायचं. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असं कुरआननंच सांगितलं आहे. ओळखीत लिहून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

उस्ताद

आता मिस्त्रीकडे येतो. शीर्षकात त्याला पुढे ठेवलं आणि लेखात शेवटी आणलं, कारण वरचं सगळं वाचून झाल्यावर त्याची गरज आपोआप पटते.

या गाड्यांचा मिस्त्री तीन गोष्टींवरून ओळखावा. एक, तो आधी स्कॅनर लावतो, मग पान्ह्याला हात घालतो. दोन, तो सगळंच बदलायला सांगत नाही. काय आज करायचं, काय सहा महिन्यांनी, काय तसंच चालेल, हे तो वेगळं करून सांगतो. तीन, बदललेला जुना भाग न मागता तुमच्या हातात ठेवतो. असा माणूस शहरात एक जरी असला तरी पुरेसा आहे. नसेल तर ती गाडी त्या शहरात घेऊ नये, मग ती कितीही देखणी असो. त्याच्याकडे गाडी घेण्याआधीच जा. तो कोणत्या गाड्या जास्त करतो ते बघा आणि त्यातली एक घ्या. लॉरा करणारा मिस्त्री हाताशी असताना हट्टानं फियाट घेणं हा शुद्ध वेडेपणा.

भागांच्या बाबतीतही तोच वाट दाखवतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात येणारा क्लच बऱ्याचदा सॅक्स किंवा लूकनं, फिल्टर मान किंवा माहलेनं बनवलेला असतो. तोच भाग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात कमी पैशांत मिळतो. बाकीचं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांत सापडतं. तिथे जाताना मात्र सोबत पार्ट नंबर हवा.

शिक्षक म्हणून मला इथे आणखी एक गोष्ट बोलायची आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं मुस्लिम कामगार ज्या व्यवसायांत मोठ्या संख्येनं दिसतात त्यांची नोंद केली, त्यात वाहनदुरुस्ती आहे. आम्हा शिक्षकांना अहवालाची गरज नाही, वर्गातली रिकामी बाकं हेच सांगतात. आठवी-नववीतला मुलगा दिसेनासा होतो आणि काही महिन्यांनी एखाद्या गॅरेजमध्ये काळ्या हातांनी सलाम करतो. आपण हळहळतो, ‘पोरगं वाया गेलं.’ वाया गेलं ते त्याचं शिक्षण. त्याचा हुनर वाया गेलेला नसतो. पण आजची गाडी केवळ कानानं आणि हातानं दुरुस्त होत नाही. वायरिंगचा नकाशा वाचावा लागतो, इंग्रजीतला बिघाडाचा कोड समजून घ्यावा लागतो, व्होल्ट आणि रोध मोजावे लागतात. ज्या उस्तादानं हे शिकून घेतलं तो आज मागेल ते दाम घेतो, ज्यानं नाही शिकलं त्याच्याकडे फक्त पंक्चर आणि ऑइल बदलणं उरतं. गॅरेजमधल्या मुलाला आयटीआयच्या वर्गाकडे नेणं, निदान दहावी करायला लावणं, हे आपलं काम आहे. आणि जो शिकला आहे त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस न करणं, हेही. शोरूममध्ये छापील बिल निमूट भरणारे आपण गॅरेजमध्ये दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालतो. मग चांगला मिस्त्री मिळत नाही म्हणून ओरडतो.

कुणी घेऊ नये

घरात एकच गाडी असेल, आई-वडील आजारी असतील, रात्री-बेरात्री दवाखान्यात पळावं लागत असेल, तर साधी, नवी, बिनतक्रार गाडी घ्यावी. जुनी गाडी कधीतरी टोचन लावून आणावी लागते, आणि त्या दिवशी घरात दुसरी सोय हवी. रोज ८० किलोमीटरची नोकरी असेल तरीही नको. ज्याला बिघाड झाला की रात्रभर झोप येत नाही, त्यालाही नको.

राहिला प्रश्न इसराफचा, उधळपट्टीचा. शिक्षकाला असले शौक शोभतात का, असं विचारणारे भेटतातच. माझ्या मते उधळपट्टी रकमेवर ठरत नाही, ती कुणाच्या हक्काचे पैसे जातात यावर ठरते. मुलांची फी, घरखर्च, जकात, नातेवाइकांचं देणं हे सगळं झाल्यावर जे उरतं त्यात माणसानं एखादा शौक जपला, तर तो कुणाचं काही हिरावत नाही. कर्ज काढून दिमाख मिरवणारा समंजस, आणि रोखीनं जुनी गाडी घेऊन ती निगुतीनं जपणारा उधळ्या, हा निवाडा मला मान्य नाही.

तेव्हा ज्याला घ्यायची आहे त्यानं या रविवारी गाड्यांच्या जाहिराती बघू नयेत. गावातल्या दोन-तीन गॅरेजमध्ये जाऊन तासभर बसावं, चहा प्यावा, कोणती गाडी कशासाठी आली आहे ते बघावं. उस्ताद ज्या गाडीचं नाव घेताना कपाळाला आठ्या घालत नाही, तिच्यापासून शोध सुरू करावा.